दिल्लीला जाण्याआधी घरातला कागद शोधा

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात लासूर स्टेशन येथील बचत गटाच्या एका सदस्येने केलेलं भाषण)

मी लासूर स्टेशनहून बोलतेय. आज कांद्याच्या भावाचा विषय नाही आणि गटाच्या हप्त्याचाही नाही. आज मुलींच्या दिल्ली सहलीबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे शाळेची सहल म्हणजे वेरूळ, दौलताबाद, फार तर शिर्डी. मागच्या हिवाळ्यात मात्र आमच्याकडची नववी-दहावीची मुलं-मुली थेट दिल्लीला गेली. विषय होता युद्धांचा इतिहास. मुली सोबत होत्या, म्हणून शिक्षिकांच्या जोडीला दोन पालक बायका हव्या होत्या. त्यात माझा नंबर लागला. मी जन्मात मनमाडच्या पुढे गेले नव्हते.

जाण्याआधी गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "लढाई बघायला एवढे पैसे घालून दिल्लीला कशाला जायचं? टीव्हीवर रोजच तर दाखवतात." दुसरी म्हणाली, "आणि पोरींना काय करायचंय लढाईचं? त्यांना काय फौजेत जायचंय?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज देणार आहे.

चिठ्ठी

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या एक आजी घरी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे मालक १९७१ च्या लढाईत गेले. लग्नाला चार वर्षं झाली होती, पदरात एक लेकरू होतं. तार आली, ती पोस्टमनने वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, "बाई, दिल्लीला भिंतीवर सगळ्यांची नावं लिहिलीत म्हणे. आमचं आहे का तेवढं बघून या." मी एका चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहून घेतलं, घडी करून पाकिटात ठेवलं. या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मुलींनी काय पाहिलं ते ऐका.

इंडिया गेट कुणाचं?

इंडिया गेट आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. ४२ मीटर उंच आहे. गावातल्या पाण्याच्या दोन टाक्या एकावर एक ठेवल्या तरी त्याच्यापुढे बुटक्या दिसतील. मला वाटायचं, हे स्वातंत्र्याचं स्मारक. तसं नाही. ते इंग्रजांनी बांधलं. १९२१ मध्ये पायाचा दगड बसवला आणि १९३१ मध्ये उद्घाटन झालं, म्हणजे देश तेव्हा गुलामीतच होता.

१९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं. भांडण युरोपातल्या देशांचं. पण आपल्यावर राज्य इंग्रजांचं, म्हणून त्यांच्या बाजूने हिंदुस्थानातली दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. कुणी पगारासाठी, कुणी दुष्काळापायी, कुणी घराण्याची रीत म्हणून. सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी ही कमान, आणि तिच्या दगडावर १३ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत.

मराठी मुलखातल्या पलटणी मेसोपोटेमियात होत्या. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. तिथे कूत नावाच्या गावात तुर्की फौजेने त्यांना आणि इतरांना १४७ दिवस वेढून ठेवलं. धान्य संपलं, घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली. शेवटी एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलं आणि कैदेत आणखी कित्येक जण मेले. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्या एका गावातले ४६ जण या महायुद्धात गेले. आज त्या गावाला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. मैत्रिणींनो, एका गावातले ४६ म्हणजे किती घरांतल्या चुली, किती बायकांच्या बांगड्या, याचा हिशेब तुम्हीच करा.

आमच्या शिक्षिकेने सांगितलं की त्या नावांमध्ये १९१७ मध्ये मृत्यू पावलेल्या एका परिचारिकेचंही नाव आहे. हे ऐकल्याबरोबर मुली माना वर करून तेच शोधायला लागल्या. खालून एवढ्या उंचावरचं नाव कुठे दिसतंय! पण त्यानंतर प्रत्येक ठिकाणी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "बाई, इथे बायका कुठे आहेत?"

तीन पुतळे, त्यातला एक आपल्याकडचा

दिल्लीत तीन मूर्ती नावाचा चौक आहे. पंतप्रधान संग्रहालय बघायला जाणारी प्रत्येक सहल तिथून जाते. चौकात काशाचे तीन शिपाई उभे आहेत. ते १९२२ मध्ये बसवले. बहुतेक लोक त्यांच्याजवळ फोटो काढतात आणि पुढे जातात. ते कोण, हे कुणी विचारत नाही.

आता आपण कुठले ते आठवा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लासूर स्टेशनवरून जाणारी रेल्वेसुद्धा निजामाच्याच काळातली. त्या तीन शिपायांपैकी एक म्हैसूर संस्थानाचा, एक जोधपूरचा आणि एक हैदराबादचा. या संस्थानांचं घोडदळ एकाच ब्रिगेडमध्ये होतं आणि ते पॅलेस्टाइनच्या बाजूला लढत होतं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हातात भाले-तलवारी घेऊन मशीनगनसमोर घोडी घातली आणि हैफा शहर जिंकलं. हैफा आज इस्राएलमध्ये आहे. म्हणून २०१८ मध्ये या चौकाचं नाव तीन मूर्ती हैफा चौक असं केलं.

हे सांगितल्यावर आमची मुलं त्या शिपायाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. इतिहास म्हणजे लांबच्या राजा-राण्यांची गोष्ट, असं त्यांना वाटायचं. दिल्लीच्या चौकात आपल्या जुन्या संस्थानाचा माणूस भेटला, तेव्हा ती गोष्ट जरा जवळ आली.

लाल किल्ला आणि झाशीच्या राणीची पलटण

लाल किल्ल्यात सुभाषबाबू आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय आहे. ते २०१९ मध्ये सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात जपानने सिंगापूर घेतलं, तेव्हा इंग्रजांच्या फौजेतले हजारो हिंदी सैनिक कैद झाले. त्यांच्यातले कित्येक जण इंग्रजांविरुद्ध लढायला आझाद हिंद सेनेत गेले. युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये याच लाल किल्ल्यात त्यांच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. त्यांच्यासाठी सगळा देश पेटून उठला.

मुलींचा प्रश्न इथे सुटला. या सेनेत बायकांची वेगळी पलटण होती, १९४३ मध्ये उभी केलेली. तिचं नाव राणी झाशी रेजिमेंट, म्हणजे आपल्या लक्ष्मीबाईंच्या नावाने. प्रमुख होत्या कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन, शिक्षणाने डॉक्टर. पलटणीतल्या अनेक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांच्या घरच्या. भारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी त्याच्यासाठी बंदूक चालवायला शिकल्या.

याच महायुद्धातली आणखी एक गोष्ट शिक्षिकेने तिथे बसून सांगितली. १९४३ मध्ये बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला. फौजेसाठी धान्य, भडकलेले भाव, बंद पडलेली आवक आणि सरकारची बेपर्वाई यांमुळे वीस ते तीस लाख माणसं उपाशी मेली किंवा उपासमारीच्या रोगांनी गेली. आपण ज्याला रेशन म्हणतो, तेही शहरांमध्ये याच युद्धाच्या दिवसांत आलं. लढाईत जो शिपाई मेला त्याचं नाव कुठेतरी दगडावर लागतं. घरात उपाशी मेलेल्या बाईचं आणि लेकराचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. युद्धाचा इतिहास शिकायचा तर हेही शिकलं पाहिजे.

पदक कुणी काढलं?

इंडिया गेटच्या जवळच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. आत जायला पैसे लागत नाहीत. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या जवानांची नावं इथे आहेत.

त्याच आवारात परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. परमवीरचक्र म्हणजे लढाईतल्या शौर्याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा मान. त्यात कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे आहेत. एप्रिल १९४८ मध्ये काश्मिरात राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते. वरून गोळ्या येत असताना राण्यांनी ते काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. ज्याने रस्ता मोकळा केला त्यालाही हा मान मिळतो, हे आमच्या मुलांना फार आवडलं.

पण मुलींच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलेलं नाव आहे सावित्रीबाई खानोलकर यांचं. या जन्माने स्वित्झर्लंडमधल्या. जन्म १९१३ चा. विक्रम खानोलकर या मराठी फौजी अधिकाऱ्याशी त्यांनी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, आपल्या संतांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. स्वतंत्र भारताला शौर्यपदकं हवी होती, तेव्हा परमवीरचक्राची आकृती काढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांना दधीची ऋषींची कथा आठवली. दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या हाडांपासून इंद्राचं वज्र झालं. म्हणून पदकावर चार वज्रं आहेत. आणि योगायोग बघा, हे पदक ज्यांना सगळ्यात पहिलं जाहीर झालं ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर होते. तेही मरणोत्तर. म्हणजे ज्या बाईने पदक काढलं, तिच्याच सोयऱ्यांच्या घरी ते पहिल्यांदा गेलं. पदक घरात येतं तेव्हा माणूस घरात नसतो, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

भिंत

आता चिठ्ठीकडे येते. हे स्मारक एकात एक अशा चार गोल चक्रांचं आहे. सगळ्यात आत अमर चक्र. तिथे उंच स्तंभ आणि कायम जळणारी ज्योत आहे. इंडिया गेटखाली १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ पासून जी ज्योत जळत होती, तीही २०२२ मध्ये याच ज्योतीत मिळवली. त्याच्या बाहेर वीरता चक्र, तिथे सहा लढायांची चित्रं काशात कोरलीत. त्याच्या बाहेर त्याग चक्र, आणि शेवटी रक्षक चक्र, ते झाडांचं. झाडं म्हणजे सीमेवर उभे असलेले जवान.

नावं आहेत त्याग चक्रात. गोल फिरत जाणाऱ्या भिंती आणि त्यांत ग्रॅनाइटच्या विटा. एका विटेवर एक नाव. स्मारक खुलं झालं तेव्हाच अशी २५ हजारांहून जास्त नावं होती. मी चालत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नावं संपेचनात. वाहनातून येताना खिदळणारी आमची पोरं आपोआप गप्प झाली.

नाव शोधायला तिथे पडदे आहेत. पडद्यावर नाव घातलं की वीट कुठे आहे ते कळतं. मुलींनी आजींच्या मालकांचं नाव घातलं. त्याच नावाचे, त्याच आडनावाचे कितीतरी निघाले. तिथल्या जवानाने अदबीने विचारलं, "माताजी, आर्मी नंबर क्या है?" मला माहीत नव्हता. "पलटन कौन सी?" तेही माहीत नव्हतं. माझ्याजवळ नाव आणि गाव, बस. यातला आमचा कुठला, हे ठरवायचं कसं? एका मुलीने सुचवलं की कुठल्याही एका विटेचा फोटो काढू आणि आजींना दाखवू, त्यांना बरं वाटेल. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या माणसाला आपलं म्हणून दाखवायचं नाही.

संध्याकाळी तिथे रोज एक कार्यक्रम होतो. गेलेल्या एका जवानाच्या घरच्यांना बोलावतात आणि त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. बिगुल वाजतं आणि सगळे उभे राहतात. ते बघताना मला एवढंच वाटत होतं की आमच्या आजी इथे असायला हव्या होत्या, आणि मला तर त्यांची वीटसुद्धा सापडली नाही.

ट्रंकेतला नंबर

परत आल्यावर आजींच्या घरी जायला मला दोन दिवस लागले. तोंड कसं दाखवायचं? शेवटी गेले आणि खरं ते सांगितलं. आजी काही रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "भिंत कशी आहे? उन्हात आहे का सावलीत?" मी सांगितलं, उघड्यावर आहे, पण चहूबाजूंनी झाडं लावलीत.

मग मी नंबराचं विचारलं. आजी उठल्या आणि लोखंडी ट्रंकेतून एक पिशवी काढून आणली. आत पेन्शनचा कागद आणि एक पदक. पेन्शनच्या कागदावर मालकांचा सैनिक क्रमांक, हुद्दा आणि पलटण. पदकाच्या कडेवर तोच क्रमांक बारीक अक्षरांत कोरलेला. पन्नास वर्षं तो नंबर ट्रंकेत होता. आजींना वाचता येत नव्हतं, आणि आम्ही वाचता येणाऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं. जाण्याआधी मी एकदा त्यांच्या घरी बसले असते, तर वीट सापडली असती. चूक माझी.

म्हणून काय करायचं?

यंदाही मुली दिल्लीला जायच्या आहेत. तुमच्या गावची शाळा नेणार असेल, तर आपल्या गटाने आधी हे करावं.

पहिलं, आपल्या गावात आणि वाड्या-वस्त्यांवर फौजेत कोण कोण होतं याची यादी करा. आजोबा, पणजोबा, आजीचा भाऊ, सगळे. यादीचं काम मुलींनाच द्या. नावाबरोबर सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण आणि साल हवं. हे पेन्शनच्या कागदावर, फौजेतून सुटल्याच्या दाखल्यावर किंवा पदकाच्या कडेवर सापडतं.

दुसरं, पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावं राष्ट्रीय युद्ध स्मारकावर शोधू नका. ते स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं आहे. महायुद्धातल्या नावांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था ठेवते. तिच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून नाव शोधता येतं. बऱ्याच हिंदी सैनिकांच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि गावही मिळतं.

तिसरं, तुमच्या यादीत जवानाची विधवा पत्नी निघाली, तर तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची माहिती द्या. बहुतेक जिल्ह्यांना हे कार्यालय असतं. वीरनारींच्या आणि माजी सैनिकांच्या अडचणी तिथे मांडता येतात. आपल्या गटातलं कुणीतरी सोबत जा.

चौथं, सहलीचं. शाळेच्या शैक्षणिक सहलीला रेल्वेत सवलत असते, त्यासाठी मुख्याध्यापकांना वेळेत अर्ज करायला सांगा. सोबत शिक्षिका आहे का, राहायची सोय कुठे आहे, हे आपण विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही. पण एवढ्याच कारणाने मुलीला घरी ठेवू नका.

आणि पाचवं, दिल्लीच्या आधी आपलं घर बघा. मराठवाड्याला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांचा जाच सोसला तो आपल्याच आज्या-पणज्यांनी. शेजारच्या जालना जिल्ह्यात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बंदूक घेऊन, घोड्यावर बसून रझाकारांशी लढल्या. ज्यांनी तो काळ लहानपणी पाहिला, अशी फार थोडी माणसं आता उरलीत. त्यांना आजच विचारा. उद्याचा भरवसा नाही.

आता त्या दोन प्रश्नांची उत्तरं. लढाई बघायला दिल्लीला जायचंच नाही. टीव्हीवर लढाई दिसते, पण गेलेल्यांचा आकडा किती मोठा असतो ते भिंतीजवळ चालल्यावरच पायांना कळतं. आणि मुलींचं काय, तर खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुलीही शिकतात, ज्या मुलीला जायचं तिने जरूर जावं. पण फौजेत न जाणाऱ्या मुलीनेही हा इतिहास शिकावा, कारण लढाईचा कागद शेवटी बाईच्याच ट्रंकेत येतो. तो वाचणारी कुणीतरी घरात हवी.

आजींचा नंबर मी यंदाच्या तीन मुलींच्या वह्यांमध्ये लिहून दिलाय. एकीची वही हरवली तर दुसरीची असावी म्हणून. या वेळी फोटो त्याच विटेचा येईल.

तुमच्याही घरातली ट्रंक उघडा, मैत्रिणींनो. येते. नमस्कार.